सावडीची बैठक: रोप टाकण्याआधी बसा, स्पष्ट बोला



मे महिना सरत आला, रोहिणी नक्षत्र लागले, की भाताच्या मुलुखात घरोघरी एकच विषय निघतो. यंदा लावणीला माणसे मिळतील का? मजुरीचा दर काय निघेल? मावळ असो, भोर-वेल्हे असो, इगतपुरी असो की कोकणपट्टी असो, लावणीचे पंधरा-वीस दिवस सगळ्यांचे एकदमच येतात. ज्याच्या त्याच्या खाचरात एकाच वेळी पाणी, ज्याचे त्याचे रोप एकाच वेळी तयार, आणि हात मात्र तेवढेच. पैसे मोजायची तयारी असली तरी त्या दिवसांत माणूस मिळत नाही.

आपल्या वाडवडिलांनी यावर उपाय काढून ठेवला आहे. तो म्हणजे सावड. कोठे याला पैरा म्हणतात, कोठे वारंगुळा म्हणतात. नाव काही असो, व्यवहार एकच. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. इर्जिक निराळी. इर्जिकीत एका दिवसापुरते सारे मिळून एकाचे काम उरकतात आणि जेवून घरी जातात. सावडीत मात्र दिवसाची फेड दिवसाने करावयाची असते. म्हणून सावडीला नुसता सलोखा पुरत नाही. तिला हिशेब लागतो, तारीख लागते आणि सोबत्यांनी एकमेकांना दिलेला शब्द लागतो.

पुष्कळ गावांत सावड मोडल्याचे ऐकू येते. ‘आता पूर्वीची माणसे राहिली नाहीत,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माझा अनुभव थोडा निराळा आहे. माणसे वाईट झाली म्हणून सावड मोडली, असे क्वचितच दिसते. बहुतेक ठिकाणी ती मोडते याचे कारण, सोबती वेळेवर एकत्र बसलेच नाहीत, आणि बसले तेव्हा मोघम बोलले. ‘बघू,’ ‘होईल,’ ‘येऊ की,’ एवढ्यावर बैठक उठली. पुढे पावसाने जोर धरला आणि प्रत्येकाला आपलेच खाचर आधी दिसू लागले.

तेव्हा सावडीची बैठक कधी घ्यावी, निरोप कसा द्यावा आणि वेळेचा हिशेब कसा बांधावा, हे या लेखात क्रमाने पाहू.

बैठक रोप टाकण्याआधीच का?

लावणीचा क्रम लावणीच्या वेळी ठरवायचा, अशी आपली समजूत असते. रोप हाताएवढे झाले की सोबती जमतात आणि ‘पहिली लावणी कोणाची?’ यावर बोलणे सुरू होते. पण त्या वेळी उशीर झालेला असतो. लावणीचा क्रम खरे तर ज्या दिवशी बी पडते त्या दिवशीच ठरून जातो.

हे कसे ते पाहा. भाताचे रोप लावणीला योग्य असण्याचे दिवस मोजके असतात. हळव्या जातीचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे असताना लावावे, निमगरव्याचे २३ ते २७ दिवसांचे, गरव्याचे २५ ते ३० दिवसांचे. त्याहून जास्त दिवस रोप वाफ्यातच राहिले, तर ते तेथेच जून होते. मग लावल्यावर त्याला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. खत कितीही टाका, गेलेले दिवस परत येत नाहीत.

आता समजा, आठ घरांची सावड आहे आणि आठही घरांनी मृगाच्या पहिल्या दिवशी, ८ जूनला, बी टाकले. आठही घरांचे रोप एकाच दिवशी तयार होणार. लावणी मात्र एका दिवसात होणार नाही. सगळ्यांची मिळून पंधरा दिवस चालणार. १ जुलैला ज्याचा पहिला नंबर लागला त्याचे रोप २३ दिवसांचे, अगदी योग्य. ज्याचा नंबर १५ जुलैला, त्याचे रोप ३७ दिवसांचे. त्या घराने सगळ्यांच्या शेतात राबून शेवटी आपल्या शेतात जून रोप लावायचे. पुढल्या वर्षी ते घर सावडीत येईल का? आणि न आले तर त्याला दोष देता येईल का?

म्हणून बैठक मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, रोप टाकण्याआधी झाली पाहिजे. कोणी कोणत्या दिवशी बी टाकायचे, हे त्या बैठकीतील पहिले काम. बाकी सारे त्यामागून.

निरोप असा द्या की पुन्हा विचारावे लागू नये

पूर्वी दवंडी होती. आता घरोघरी मोबाइल आहे, गावाचा व्हॉट्सॲप गट आहे. साधन बदलले, पण अपुऱ्या निरोपाची सवय तशीच राहिली. ‘रविवारी संध्याकाळी सावडीची मीटिंग आहे, सर्वांनी यावे.’ कोणता रविवार? संध्याकाळी म्हणजे पाचला की आठला? कोठे? किती वेळ? कशासाठी? एवढे प्रश्न ज्या निरोपात उरतात, त्या निरोपावर माणूस येईलच असे नाही. आला तरी तयारी करून येत नाही.

चांगल्या निरोपात सहा गोष्टी असाव्यात: वार व तारीख, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, जागा, ठरवावयाचे विषय आणि येताना काय आणायचे. नमुना म्हणून हा निरोप पाहा:

‘रविवार, २४ मे. रात्री बरोबर ८ वाजता सुरू, साडेनऊला संपेल. जागा: मारुतीच्या देवळाचा ओटा. पाऊस आला तर शाळेची पडवी. विषय: रोप टाकण्याच्या तारखा, लावणीचा क्रम, सावडीचा हिशेब. प्रत्येक घरातून शब्द देऊ शकेल असे एक माणूस आणि लावणीला जाणारी एक बाई, असे दोघे यावे. आपले भाताचे क्षेत्र व जात लिहून आणावी. येणार की नाही ते शुक्रवार रात्रीपर्यंत कळवावे.’

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. तारखेबरोबर वार द्या, म्हणजे चूक झाली तर लगेच लक्षात येते. ‘उद्या’, ‘परवा’, ‘पुढच्या सोमवारी’ हे शब्द निरोपात नकोत.

नोकरीत असताना सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात मी पाहिलेली गोष्ट सांगतो. सात घरांची जुनी सावड. एकाने शुक्रवारी निरोप दिला, ‘पुढच्या सोमवारी आमची लावणी.’ त्याच्या मनातला सोमवार तिसऱ्या दिवसाचा. चौघांनी समजून घेतला तो त्या पुढच्या आठवड्यातला. रविवारी सायंकाळी त्या घराने रोप उपटून मुठी बांधून ठेवल्या, चिखलणीचे भाडे दिले. सोमवारी सकाळी बांधावर दोनच घरची माणसे आली. उपटलेले रोप काही पुन्हा वाफ्यात लावता येत नाही. घरच्यांनी आणि त्या दोन घरांनी मिळून तीन दिवस कंबर मोडून लावणी केली, अर्धे रोप पिवळे पडल्यावर. चौघांचे म्हणणे, ‘आम्हाला पुढचा सोमवार सांगितला होता.’ त्याचे म्हणणे, ‘मी पुढचाच सोमवार सांगितला होता.’ दोघेही खरे बोलत होते. त्या वर्षी सावड मोडली ती पुढे दोन वर्षे जुळली नाही. निरोपात तारखेचा एक आकडा असता, तर एवढे झाले नसते.

मोबाइलवर निरोप टाकला म्हणजे तो पोहोचला, असे समजू नका. पाहिल्याची खूण दिसली म्हणजे वाचले, आणि वाचले म्हणजे समजले, असेही नाही. प्रत्येक घराकडून उलट उत्तर घ्या: ‘येतो,’ किंवा ‘येत नाही, माझ्या वतीने अमुक येईल.’ ज्या घरी मोबाइल म्हाताऱ्या माणसाकडे असतो, किंवा मुलगा कामासाठी शहरात घेऊन गेलेला असतो, त्या घरी स्वतः जा. पोराबरोबर निरोप पाठवलात तर तो त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. ‘काय सांगशील बरे?’ असे विचारले की चूक तेथल्या तेथे सापडते.

निरोप देण्याचे काम एकाच माणसाकडे असावे. बदल झाला तरी तो त्यानेच कळवावा. चार जणांनी चार निरोप दिले की गावात पाचवाच ऐकू येतो. ग्रामसभेची नोटीससुद्धा सात दिवस आधी काढावी लागते. आपल्या आठ घरांच्या बैठकीला चार दिवस आधी निरोप गेला तरी पुरे. मात्र आदल्या रात्री निरोप देऊन ‘कोणी आले नाही’ म्हणणे बरे नव्हे.

वेळ अशी ठेवा जी पाळता येईल

बैठकीची वेळ सोयीने ठरवतो असे आपण म्हणतो, पण ती सोय बहुधा ओट्यावर बसणाऱ्या दोघा-तिघांची असते. वेळ ठरविण्यापूर्वी हे विचारून घ्या: डेअरीवर दूध घालण्याची वेळ कोणती? त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज दिवसा आहे की रात्री? बाजाराचा वार कोणता? गावात लग्न किंवा जत्रा आहे का? शेवटची एस.टी. किती वाजता येते? तालुक्याला कामाला जाणारा सोबती त्याच गाडीने यायचा असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या बायकांना कोणती वेळ जमेल? लावणीचे काम मुख्यतः कोण करते, हे मी तुम्हाला सांगायला नको. दिवसभर वाकून, पाण्यात उभे राहून, हाताने एकेक चूड लावणाऱ्या आपल्या माय-बहिणी. तरीही सावडीचा क्रम ठरतो तो पुरुषांच्या बैठकीत. मग घरी येऊन सांगितले जाते, ‘परवापासून तुम्हाला त्यांच्याकडे जायचे आहे.’ त्याच दिवशी तिला लेकराला दवाखान्यात न्यायचे असते, हे तिला विचारले असते तर बैठकीतच कळले असते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्याने केली आहे, ती उगीच नाही. आपल्या सावडीत तर निराळी सभा नको. त्या बैठकीतच त्यांना बसवा आणि आधी बोलू द्या. कोणत्या खाचरात चिखल खोल आहे, किती माणसांत ते उरकते, याचा अचूक अंदाज त्यांनाच असतो. सात वाजता त्यांची चूल पेटलेली असते. म्हणून आठची वेळ ठेवा, किंवा त्यांना दुपारी जमत असेल तर दुपारी तीनची ठेवा.

एकदा वेळ ठरली, की आठ म्हणजे आठ. ‘सगळे आले की सुरू करू,’ ही पद्धत वेळेवर येणाऱ्याला शिक्षा आणि उशिरा येणाऱ्याला मान देते. पुढल्या खेपेला वेळेवर येणाराही उशिरा येतो. आठ घरांपैकी पाच घरे आली की दहा मिनिटांत सुरू करा. शब्द देऊ शकेल असे माणूस ज्या घरातून आले नाही, त्याच्यासाठी निर्णय अडवू नका, पण त्याच्या माघारी त्याच्यावर काम लादूही नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जाऊन ठरलेले वाचून दाखवा.

दीड तासाची वाटणी आधीच करून ठेवा. पहिली पंधरा मिनिटे प्रत्येक घराचे क्षेत्र व जात वहीत उतरवण्यासाठी. पुढली चाळीस मिनिटे रोप टाकण्याच्या तारखा आणि लावणीच्या क्रमासाठी. वीस मिनिटे हिशेब, दर आणि जेवण यासाठी. शेवटची पंधरा मिनिटे सर्व मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी. राजकारण, पाहुणे, मागल्या वर्षीची उणीदुणी यांना या दीड तासात जागा नाही. ते बैठक उठल्यावर हवे तितके बोला.

तारखांचे गणित

आता वही उघडा. वर घेतलेलीच आठ घरांची सावड पुन्हा घेऊ. आठ घरांचे मिळून भातक्षेत्र १२ एकर. प्रत्येक घरातून दोन माणसे, म्हणजे १६ माणसे. समजा, रोप उपटण्यापासून लावणीपर्यंत १६ माणसांत दिवसाला एक एकर उरकते. तुमच्याकडे यापेक्षा कमी-जास्त असेल. मागल्या वर्षी खरोखर किती झाले तो आकडा धरा. मनातला आकडा धरू नका. मनातल्या लावणीला कधी पाऊस अडवत नाही आणि कोणाची कंबर दुखत नाही.

१२ एकरांना १२ दिवस झाले. पण बारा दिवसांचे वेळापत्रक बांधाल तर ते तिसऱ्या दिवशी कोसळेल. एखादा दिवस पाऊस असा झोडपतो की बांध दिसत नाही. विजा कडाडू लागल्या तर खाचरातून बाहेर पडून पक्क्या घराचा आसरा घ्यावाच लागतो. झाडाखाली मात्र कधीही उभे राहू नये. एखादा दिवस दुखण्याचा, एखादा पॉवर टिलर बिघडल्याचा. म्हणून दर चार दिवसांच्या कामामागे एक दिवस मोकळा ठेवा. बाराचे पंधरा दिवस होतात. हा मोकळा दिवस आळसाचा नाही, तो वेळापत्रकाचा बांध आहे. वापरला नाही तर सर्वांना विसावा मिळेल.

आता आठ घरांच्या तीन तुकड्या करा, प्रत्येक तुकडीत साधारण चार एकर. निमगरवी जात धरली तर तारखा अशा बसतात:

पहिली तुकडी: बी टाकणे ८ जून, लावणी १ ते ५ जुलै.
दुसरी तुकडी: बी टाकणे १३ जून, लावणी ६ ते १० जुलै.
तिसरी तुकडी: बी टाकणे १८ जून, लावणी ११ ते १५ जुलै.

मोजून पाहा. तिन्ही तुकड्यांत लावणीच्या पहिल्या दिवशी रोप २३ दिवसांचे आणि शेवटच्या दिवशी २७ दिवसांचे येते. पहिला आणि शेवटचा, दोघांच्याही रोपाचे वय सारखे. सदतीस दिवसांचे जून रोप कोणाच्याच वाट्याला आले नाही. यासाठी एक पैसाही जास्त लागला नाही. फक्त मे महिन्यात दीड तास बसावे लागले.

पहिल्या तुकडीत कोणाला घ्यावे? ज्यांच्याकडे विहिरीचे किंवा ओढ्याचे पाणी आहे त्यांना. पाऊस दोन दिवस लांबला तरी ते रोप जगवू शकतात. तसेच ज्यांची खाचरे खालच्या अंगाला आहेत आणि ज्यात पाणी लवकर साठते, त्यांनाही आधी घेता येईल. जातीही पाहा. कोणी कर्जत-३ सारखी हळवी जात लावणार असेल, तर त्याचे रोप लवकर तयार होते. त्याने बी थोडे मागाहून टाकावे किंवा लावणीत आपल्या तुकडीत पहिला नंबर घ्यावा. इंद्रायणीसारखी उशिरा येणारी जात असेल तर रोपाला चार दिवस जास्त चालतात, त्याला तुकडीत शेवटी ठेवता येते.

पाऊस आपल्या वहीप्रमाणे येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तारखांपेक्षा अंतर पाळा. पाऊस १४ जूनला आला आणि पहिल्या तुकडीने १४ला बी टाकले, तर दुसरीने १९ला आणि तिसरीने २४ला टाकावे. सर्व तारखा सहा दिवसांनी पुढे सरकतील, पण पाच दिवसांचे अंतर तसेच राहील. ‘पाऊस आला रे आला’ म्हणून तिन्ही तुकड्यांनी एकदम बी टाकले, तर सगळा बेत वाया गेला असे समजा. इतके करूनही कोणाचे रोप जून झालेच, तर एका चुडात नेहमीच्या दोन-तीन रोपांऐवजी चार-पाच रोपे लावा आणि अंतर थोडे कमी ठेवा. नुकसान काहीसे भरून निघेल.

एक गोष्ट लावणीच्या पद्धतीची. कोणाला दोरी धरून नियंत्रित लावणी करायची असेल, चारसूत्री पद्धतीने १५ आणि २५ सेंटिमीटरचे आलटून-पालटून अंतर ठेवायचे असेल, तर जरूर करावे. नव्याने करणाऱ्यांना मात्र वेळ जास्त लागतो. हे त्याने बैठकीतच सांगावे, म्हणजे त्याच्या एकराला एकाऐवजी दीड दिवस धरता येईल. लावणीच्या दिवशी सकाळी दोरी बाहेर काढली, की सोबती मनात चरफडतात आणि दोरीलाच नावे ठेवतात.

हिशेब दिवसांचा, वही सर्वांची

आठ घरांचे क्षेत्र सारखे नसते. म्हणून कोण किती देतो आणि किती घेतो, ते पहिल्याच बैठकीत मांडा. प्रत्येक घर दोन माणसे बारा दिवस देते, म्हणजे २४ दिवस देते. एका एकराला १६ दिवस लागतात. ज्याचे दीड एकर आहे त्याला २४ दिवस मिळतात. त्याची फिटंफाट झाली. ज्याचे एकच एकर, त्याला १६ दिवस मिळाले, म्हणजे त्याचे ८ दिवस येणे राहिले. ज्याचे अडीच एकर, त्याला ४० मिळाले. त्याच्याकडे १६ दिवस देणे निघते. हे देणे मजुरीच्या पैशात फेडायचे, की पुढे बेणणी-कापणीला माणसे देऊन, हे आधी ठरवा. दरही आधी ठरवा. लावणी झाल्यावर दर ठरवायला बसलात तर ज्याचे देणे त्याला तो जास्त वाटतो आणि ज्याचे येणे त्याला कमी.

आणखी चार गोष्टी वहीत लिहा. बाईचा दिवस आणि गड्याचा दिवस सारखाच धरा. चिखलणीला औत किंवा पॉवर टिलर देणाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवा. आजारी पडल्यास बदली माणूस कोण देणार ते ठरवा. जेवण ज्याचे शेत त्याच्याकडे, की प्रत्येकाने भाकरी बांधून आणायची, तेही ठरवा. एका घरी मटणाचे जेवण झाले की दुसऱ्या गरीब घराला ओढाताण करावी लागते. म्हणून सगळीकडे एकच नियम असलेला बरा. एकट्या बाईचे घर, म्हातारी जोडपी, ज्यांना दोन माणसे देणे जमत नाही, त्यांना सावडीबाहेर टाकू नका. त्यांना एकच माणूस द्यायला सांगा आणि उरलेला फरक कापणीनंतर फेडण्याची मुभा द्या. गाव करी ते राव न करी, ते अशा वेळीच.

वही एकाने लिहावी, पण ती सर्वांची असावी. बैठक संपताना तारखा, क्रम, दर मोठ्याने वाचून दाखवा आणि प्रत्येक घराला विचारा, ‘तुमची तारीख कोणती? तुमच्याकडे येणे किती, देणे किती?’ ज्याने त्याने आपल्या तोंडाने सांगितले की ते पक्के झाले. मग त्याच पानाचा फोटो काढून सर्वांना पाठवा. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला कागदावर उतरवून द्या.

लावणी सुरू झाल्यावर

पहिल्या बैठकीत सारे ठरले तरी रोजचे बोलणे चुकत नाही. दर दिवशी काम संपल्यावर, पाय धुण्याआधी, बांधावरच पाच मिनिटे उभे राहा. उद्या कोणाचे खाचर, किती वाजता, रोप उपटायला कोण लवकर येणार, कोण येऊ शकणार नाही, एवढेच बोला. ज्याचे खाचर त्याने चिखलणी झाली की नाही ते त्याच वेळी खरे सांगावे. ‘होऊन जाईल सकाळपर्यंत,’ असे म्हणून सोळा माणसांना बांधावर बसवून ठेवू नये. चिखलणी झाली नसेल तर तसे सांगा. पुढल्या घराचा नंबर आधी घेता येतो. सांगण्यात कमीपणा नाही. न सांगण्यात मात्र सोळा माणसांचा एक दिवस जातो.

दिवसातला बदल रात्री आठच्या आत कळवा, तोही ठरलेल्या एकाच माणसाला. पहिली तुकडी झाली की पुन्हा अर्धा तास बसा. अंदाजापेक्षा उशीर होत असेल, तर तिसऱ्या तुकडीला तेव्हाच सांगा. खाचरात येऊन ती गोष्ट कळण्यापेक्षा पाच दिवस आधी कळलेली बरी. लावणी संपल्यावर, श्रावणात नागपंचमीच्या आत, शेवटचा हिशेब करून वही मिटवा. बाकी राहिलेला दिवस मनात साठू देऊ नका. मागल्या वर्षीचा न फिटलेला एक दिवस पुढल्या वर्षीची सावड मोडतो.

मी भाताचे उदाहरण घेतले, कारण त्यात दिवसांची ओढ सर्वांत जास्त. पण कांद्याची लागण असो, सोयाबीनची काढणी असो, कापसाची वेचणी असो, तत्त्व तेच. काम अंगावर येण्याआधी बसा. निरोपात तारीख आणि वेळ घाला. खरोखर होईल एवढेच कबूल करा. होणार नसेल तर वेळीच सांगा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवण झाले की तुमच्या सावडीतल्या सात-आठ घरांची नावे एका कागदावर लिहा. त्यापुढे प्रत्येकाचे क्षेत्र लिहा. घरातल्या बाईमाणसांना विचारून एक वार आणि एक वेळ ठरवा. उद्या सकाळी डेअरीवर दूध घालायला जाल तेव्हा निरोप द्यायला सुरुवात करा. कणगीतले बी अजून भिजायचे आहे, तोवर हे काम होऊ द्या.